साकोलीची बस येईपर्यंत

"मन घट्ट केलं का सारं सुटते," मंगलाबाई म्हणाल्या. "याचं मनच घट्ट नाई."

'याचं' म्हणजे संघपालचं. त्यांचा मोठा पोरगा छपरीच्या खांबाला टेकून बॅग घेऊन उभा होता. मागच्या पावसाळ्यात तो भंडाऱ्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला, तेव्हापासून दारूचा थेंब नाही. आणि काल गावातच, सानगडीत, चुलतबहिणीच्या वरातीत नाचता नाचता प्यायला. सकाळी त्यानं स्वतःच ठरवलं, साकोलीच्या बसनं परत केंद्रात जातो. पण केंद्रवाले घरचं माणूस सोबत असल्याशिवाय घेत नाहीत, आणि घरचं माणूस जागचं हलायला तयार नव्हतं. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचा मोर्चा नेणारी बाई ती! एकदा प्याला म्हणजे मागचं सगळं पाण्यात गेलं, असं तिचं म्हणणं. आता कायचं केंद्र नि कायचं काय.

धाकटी दीपमाला अकरावीत होती आणि गप्प बसणं तिला जमतच नसे. आईच्या हातात गुडाखूची, तंबाखूच्या मंजनाची डबी होती, झाकण नुकतंच उघडलेलं. दीपमालानं ते बंद केलं. म्हणाली, साकोलीची बस येईपर्यंत हे लावू नकोस. न लावता राहिलीस, तर मी दादासाठी एक शब्द बोलणार नाही. नाही राहिलीस, तर तू त्याच्यासोबत भंडाऱ्याला जायचं.

मंगलाबाईंना हसूच आलं. "गुडाखू काय नशा आहे का, पोरी? दात घासाचं मंजन होय ते."

"मग तं सोपंच आहे."

डबी कोनाड्यात गेली. मंगलाबाईंनी भात मांडला, अंगण झाडलं. झाडलेलं अंगण परत झाडलं. दीपमालाला वाटलं, हरलो आपण, आईचं मन म्हणजे दगड. मग आईनं कोंबडीला शिवी दिली. मग गॅसच्या शेगडीला. मोर्चातल्या मैत्रिणीचा फोन आला, तर तिच्यावर खेकसून फोन खाटेवर फेकला. तांदूळ निवडायला बसली, तर खडे सुपात राहिले आणि तांदूळ बाहेर. मग सूप बाजूला सारून तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. दीपमालाला आधी मजा वाटत होती. आता वाटेना.

संघपाल मघापासून आईच्या हातांकडेच पाहत होता, परक्या गावात ओळखीचं माणूस दिसावं तसा.

"पाणी पी थोडं," तो हळूच म्हणाला. "अन् उठून चाल. बसून राहिलं का जास्त होते."

"मले कायले शिकवून राहिला तू," मंगलाबाई म्हणाल्या. पण पाणी प्यायल्या, आणि छपरीतल्या छपरीत फेऱ्याही मारल्या.

तेवढ्यात शेजारच्या कुंताबाई आल्या, रोजच्यासारख्या आपली डबी उघडी धरून. दोघी रोज सकाळी इथंच बसायच्या, एका डबीत बोटं बुडवून गावभराच्या गप्पा मारायच्या. कालच्या लग्नात नवरीच्या मामीनं कसली साडी नेसली होती, तिथून कुंताबाईंनी सुरुवात केली. मंगलाबाई म्हणाल्या, हो ना, तो रंग तर तिला... आणि मध्येच थांबल्या.

बोट तोंडात होतं. दातांवरून फिरूनही झालं होतं.

दीपमाला जिंकली होती, पण तिच्या अंगावर काटा आला. मंगलाबाईंनी बोट बाहेर काढलं, डोळ्यांसमोर धरलं आणि ते दुसऱ्याच कोणाचं असल्यासारख्या पाहत राहिल्या.

"मी नाई म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "कुंता, मी ठरवलं होतं वो. हात गेलाच कसा?"

मंजन लावायला कोणी ठरवतं का, असं कुंताबाई विचारत होत्या. मंगलाबाईंना ते ऐकूही गेलं नाही. त्या पोराकडे वळल्या. जन्मल्यापासून पाहिलेल्या पोराकडे पहिल्यांदाच पाहावं, तशा.

"संघपाल, तुले असंच होत होतं?"

"पहिले दिवसभर. मग कमी झालं." त्यानं बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. "पण रोज सकाळी नव्यानं थांबा लागे, आई. काल नाई थांबता आलं."

तलावाच्या वळणावर बसचा हॉर्न वाजला. मंगलाबाई उठल्या, तोंडावर पाणी मारलं, पदरानंच पुसलं आणि अंगावरच्या साडीतच, पायात चपला घालून निघाल्या. कुंताबाई फाटकापर्यंत मागे आल्या. कुठं निघाली वो, तेही या पोराला घेऊन? काल साऱ्या गावानं पाहिलंय त्याला, जरा अंधार पडू दे की.

संघपाल रस्त्याला लागला होता. मंगलाबाई त्याच्या पाठीकडे पाहत उभ्या राहिल्या.

"मले बस येईपर्यंत नाई जमलं, कुंता," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला. "अन् हा पोळ्याले न पिता थांबला. दिवाळीतल्या मंडईच्या जत्रेले, नाटकाले थांबला. होळीले, वो... होळीले सुद्धा थांबला हा."