जाळीचं दार

"दार उघडं ठेव व रुख्मिणी. आज पाचवी हाये."

"ठेवत नाई."

गंगूबाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यातच चूक झाली. हातातलं ताट सांभाळत त्या नावेच्या फळीवर थबकल्या. ताटात हळदकुंकू, धुऊन आणलेला वरवंटा, पणती, कोरा कागद आणि बोरू. आज सटवाई यायची, बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जायची. तिच्यासाठी दिवा जळता हवा आणि दार सताड उघडं हवं, हे माळ्याच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि ही पाच दिवसांची बाळंतीण, गंगूबाईंची सून, जाळीआड बसून सरळ नाही म्हणते!

घर म्हणजे ही नावच. पोळ्याच्या पुरात वर्धा नदीने मळ्यातली झोपडी नेली, तेव्हापासून बिऱ्हाड हिच्यात होतं. नदी मोजायला आलेल्या कुणा साहेबाची ही जुनी शिडाची नाव, आता वांगी-पेरू भरून पलीकडे आर्वीच्या बाजाराला जायची. तिच्यावर मधोमध लाकडी खोली होती. थंडीतापाचे डास आत येऊ नयेत म्हणून साहेबाने तिच्या दाराखिडक्यांना पितळी तारेची बारीक जाळी मारली होती. गंगूबाईंच्या लेकाने, गोवर्धनने, त्यातला एक तुकडा कापून बी चाळायची चाळणी केली. रुख्मिणीने बाळंत व्हायच्या आधी ती चाळणी मोडली, सुतळीचे टाके घालून जाळी जागच्या जागी बसवली आणि उरलेल्या फटींत चिंध्या कोंबल्या. चाळणीसाठी नवरा हळहळला, पण बायकोपुढे त्याचं काही चाललं नाही.

दिवेलागण होत आली होती. काठच्या लव्हाळ्यातून डास उठले होते. खोलीतल्या दिव्याकडे झेपावत ते जाळीवर आदळत होते.

"मच्छरासाठी देवीले अडवून राहिली का व?" गंगूबाई कडाडल्या. "गोऱ्या साहेबाचं अंग नाजूक. आपल्याले काय होते? गोवर्धना, सांग तुह्या बायकोले!"

गोवर्धन शीड गुंडाळत होता. ते मघाच गुंडाळून झालं होतं. त्याने ते सोडलं आणि पुन्हा गुंडाळायला घेतलं.

"दारच बंद असन तं ती काय लिवन?" गंगूबाईंचा आवाज आता रडवेला झाला. "बिननशिबाचं राहीन ना लेकरू!"

रुख्मिणी उठली. अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, संतापानेच तिला उभं केलं. बाळाला छातीशी धरून ती जाळीपाशी आली.

"आत्याबाई, माह्या शकुनच्या पाचवीले दार उघडं होतं ना?"

गंगूबाईंनी ताट फळीवर ठेवलं.

"सताड उघडं होतं. उंबऱ्यात तुमीच बसल्या होत्या. दिवा रातभर जळला. कागद ठेवला, बोरू ठेवला, सारं रीतीनं केलं. अन् दिवाळीच्या आत थंडीतापानं गेली माही पोर. काय लिवलं होतं सटवाईनं? मले वाचून दाखवा!"

वर्षभरात हे नाव कुणी तोंडातून काढलं नव्हतं. गोवर्धनच्या हातातलं शीड घसरलं, ते त्याने उचललं नाही.

"लिवाचं असन तं बाहेरून लिवू द्या तिले," रुख्मिणी म्हणाली. कडीवरचा हात घट्ट होता. "देवी हाये ती. जाळीतून दिसत नाई का तिले? कोपली तं माह्यावर कोपू द्या. पन मच्छर मी आत येऊ देत नाई."

 गंगूबाई गुडघ्यावर हात टेकत दाराबाहेर फळीवरच बसल्या. वरवंटा मांडला, त्याला हळदकुंकू वाहिलं. कोरा कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर बोरू आडवा ठेवला. पणती लावली. तशी जाळीवरची सगळी किडेपाखरं त्या उजेडावर येऊन पडली, डास गंगूबाईंच्या मानेला, हातांना डसू लागले. त्यांनी पदर डोक्यावरून ओढून घेतला.

दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक चिंधी सैल होऊन लोंबत होती. पणतीच्या उजेडात गंगूबाईंना ती दिसली. बोटाने त्यांनी ती फटीत आत, पार घट्ट बसेपर्यंत, दाबली.

मग नदीकडे तोंड करून त्यांनी हात जोडले.

"सटवाई माय, आत जाशीन तं जा. पन मांगं जाळी लावून घेजो."