आजारपणातली गाणी

माझा पाय मोडला तेव्हा बँडमधले बाकीचे दोघं, ओजस आणि शर्वरी, गिटारी घेऊन थेट माझ्या पलंगापाशी येऊन बसले. आमच्यात तालीम नसते, लिहिलेलं गाणं नसतं. समोर जे असेल त्यावरून तिथल्या तिथे वाजवायचं. समोर मी होतो, प्लास्टरमध्ये. त्यामुळे सगळं हळू आणि मऊ आलं. ड्रम्स अर्थातच नव्हते. ड्रमर मीच.

ओजसने ते फोनवर रेकॉर्ड करून ‘आजारपणातली गाणी’ म्हणून टाकलं. महिन्याभरात लाखभर लोकांनी ऐकलं. त्यातले बरेचसे ठणठणीत होते.

पाच महिने व्यायाम करून मी बँडच्या कार्यक्रमाला पोचलो. “डॉक्टर म्हणाले, आता वाजव.”

“मस्तच!” शर्वरी म्हणाली आणि ओजसकडे बघू लागली.

ओजस गिटारची खुंटी पिळत म्हणाला, “भावा, राग नको मानू. ड्रम्स आले की लोकांना बरं वाटत नाही.”

“मग मी काय करू?”

दोघांनी स्टेजकडे बघितलं. तिथे पलंग होता. सलाईनची बाटलीसुद्धा.

“समोर तू पडलेला नसलास तर आम्हाला काही सुचतच नाही रे,” शर्वरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

आठ वर्षं यांच्याबरोबरच वाजवलंय, जाणार कुठे? झोपलो. पांघरुणाखाली बोटं ताल धरायला लागली, तर शर्वरीने गाता गाता माझा हात घट्ट दाबून धरला. प्रेक्षक हळहळले.

कार्यक्रम संपल्यावर एक काकू स्टेजवर आल्या, माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, “लवकर बरा हो रे, बाळा.”

“घाई नाही, काकू,” ओजस म्हणाला. “मार्चपर्यंत तारखा लागल्यात.”