रबरी पट्टे

पावसाळ्यात घरापासून ग्रामपंचायतीपर्यंतच्या चिखलात शैलजाची व्हीलचेअर रुतायची. पक्क्या पायवाटेसाठी तिने तीनदा अर्ज पाठवला. उत्तर एकच आलं, ग्रामसभेत स्वतः येऊन मांडा.

शेवटी तिनेच वहीत खोल खाचांच्या रबरी पट्ट्यांचं चित्र काढलं. टायर रिमोल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्या थोरल्या भावाने, दिगंबरने, त्यावरून साचा बनवून रबर ओतलं. पहिले पट्टे चाकांवरून निसटले, दुसरे फ्रेमला घासले. तिसरे मात्र घट्ट बसले.

सभेच्या दिवशी ती एकटीच निघाली. चिखल अंगावर उडत होता, पण चाकं थांबली नाहीत. ती सभागृहात शिरली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने अर्ज पुढे केला.

सरपंचांनी तो वाचला, मग वाकून चाकांकडे पाहिलं. "ताई, तुम्ही तर एकट्या आलात. मग वाटेवाचून अडलंय कुठे? पायवाटेचा निधी आपण गावच्या कमानीला लावू."

"आमच्या वाडीत म्हातारी माणसं आहेत. त्यांचं काय?"

"त्यांनी तुमची जिद्द बघून शिकावं."

पुन्हा टाळ्या पडल्या. कमानीचा ठराव हात वर करून मंजूर झाला.

घरी दिगंबर वाट बघत होता. त्याने आधी पट्टे तपासले, खाचांतला चिखल बोटाने काढला.

"कुठे रुतली नाही ना?"

"नाही," शैलजा म्हणाली. "रुतायला हवी होती, दादा."