नववा मजला

"अर्ज मागे घ्यायचा आहे," एवढंच म्हणायचं असं अनघाने एमआरटीच्या गाडीत ठरवलं होतं. पण सरकारी हाउसिंग बोर्डाच्या काउंटरपलीकडच्या मिसेस तान तिला आणि सुबोधला बघून इतक्या मनापासून हसल्या, की ते वाक्य तोंडातच राहिलं.

त्यांनी अभिनंदन केलं. पासिर रिसला घर मिळावं म्हणून किती लोक थांबलेत ते सांगितलं. मग बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा नकाशा फिरवून दोघांच्या पुढ्यात ठेवला. हिरवे चौकोन शिल्लक होते, लाल गेलेले. बोट ठेवायचं आणि घर निवडायचं.

हाउसिंग बोर्डाकडे नाव नोंदवलं तेव्हा त्यांचं लग्न ठरलेलं होतं. इथे सिंगापुरात सगळेच तसं करत. आधी दोघांच्या नावाने अर्ज, नंबर लागला की घर, आणि किल्ली हातात येईल त्या बेताने लग्न. अनघा इथेच वाढलेली, शाळेत शिकवणारी. सुबोध देवगडचा, शिपयार्डात मरीन इंजिनिअर. नंबर लागायला चार वर्षं गेली. तेवढ्या काळात तिकडे सुबोधच्या आईला अर्धांगाचा झटका आला आणि इकडे अनघाच्या अण्णांचं डायलिसिस सुरू झालं. आईला देवगडहून हलवता येत नव्हतं, अण्णांना इथून. दोघंही एकुलती एक. सुबोधने नोकरी सोडली होती, रविवारी तो निघणार होता. अर्ज रद्द करायला दोघांच्या सह्या लागतात, म्हणून आज एकत्र आली होती.

हे सगळं मिसेस तानना सांगायला हवं होतं. पण सुबोध नकाशावर वाकला होता.

"हे कोपऱ्यातलं कसं आहे?" त्याने विचारलं.

तिथे दुपारचं ऊन येतं, मिसेस तान म्हणाल्या. त्यापेक्षा नवव्या मजल्यावरचं हे घ्या. स्वयंपाकघरात वारा खेळतो, आणि मागच्या खोलीतून समुद्र दिसतो.

"तुला खिडकीतून समुद्र नको होता ना?" अनघा मराठीत म्हणाली. दिवसभर जहाजांच्या पोटात काढल्यावर घरी तरी पाणी नको, असं तो नेहमी म्हणायचा.

"तुला हवा होता," सुबोध म्हणाला.

मग तीही वाकली. अण्णांना बाथरूमला लागून असलेली खोली बरी पडेल, असं तो म्हणाला. तिने पलीकडच्या खोलीवर बोट ठेवलं. ही आईंना, सकाळचं कोवळं ऊन येईल. खाटेची डोक्याची बाजू कुठे करायची, यावर त्यांचा जरासा वादही झाला. देवासाठी जागा मिळाली. धुणं वाळत घालायचे बांबू कुठल्या खिडकीबाहेर येतात, तेही तिने विचारून घेतलं. मोठी खोली तेवढी राहिली. तिच्याबद्दल दोघंही काही बोलली नाहीत.

मिसेस ताननी पेनाचं टोपण काढलं. मग नववा मजला नक्की ना, असं विचारलं.

अनघा सरळ झाली. वर्गात बोलावं तशा स्पष्ट आवाजात तिने सगळं सांगितलं. मिसेस ताननी टोपण परत लावलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या की रद्द कशाला करता, ही पाळी नुसती सोडून द्या. नाव राहील. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा नंबर लागेल, तोवर घरची परिस्थितीही बदलेल. एकदा रद्द केलं की पुन्हा सगळ्यांच्या मागे उभं राहायचं.

सुबोध अनघाकडे बघत राहिला. "ठेवूया," तो म्हणाला. "नुसतं नाव राहू दे."

अनघाच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. हो म्हणणार असं त्याला वाटलं.

"नाव राहिलं तर मी वाट बघत बसेन," ती म्हणाली. "आणि कशाची रे? तुझ्या आईच्या जाण्याची, नाहीतर माझ्या अण्णांच्या. रोज अण्णांना चहा देताना ते माझ्या मनात असेल. नको, सुबोध."

त्याने आधी सही केली. तिने नंतर. मिसेस तान दोघांना दारापर्यंत सोडायला आल्या, एरवी त्या जागेवरून उठत नसाव्यात.

दोघं चालत स्टेशनवर आली. तिथे दोघांना वेगवेगळ्या गाड्या पकडायच्या होत्या. पण सुबोध पासिर रिसच्या गाडीत चढला आणि अनघा काही न विचारता त्याच्या मागोमाग चढली. शेवटचं स्टेशन यायला खूप वेळ लागला. दोघं शेजारी बसून होती.

पत्र्याच्या कुंपणामागे इमारत अर्धी उभी होती. रस्त्यापलीकडच्या झाडाखाली दोघं थांबली. दुपारची सुट्टी संपून काम नुकतंच सुरू झालं होतं. क्रेनने खालून तयार भिंतीचा एक तुकडा उचलला. भिंतीत खिडकीची चौकट होती आणि चौकटीतून आभाळ दिसत होतं. खिडकी हळूहळू वर गेली, हवेत जराशी फिरली, पुन्हा स्थिर झाली.

सुबोधने मान वर करून मजले मोजले. सातवा चालू आहे, म्हणाला.

"म्हणजे आपला अजून यायचाय," अनघा म्हणाली, आणि सातव्याच्या वर, जिथे काहीच नव्हतं, तिथे बघत उभी राहिली.