मागल्या दारानं

"काल कोणीच नाही आलं शिकायले," दुर्गाबाई खडू हातात धरून म्हणाल्या. "शिकवल्याबिगर मले घास नाही उतरत."

"माफ करा, बाई. मले ताप होता." केवळरामनं छपरीच्या पायरीशी चपला काढल्या. "जयभीम. येऊ काय?"

"या. चटईवर बसा."

बाईंनी आमगावात कितीतरी वर्षं इंग्रजी शिकवलं. आता पोरं मोठ्या क्लासला जात. बाई मात्र रोज फळा पुसून बसायच्या, आणि शिकवणी झाल्याशिवाय ताटाला हात लावायच्या नाहीत. कालचं ताट तसंच राहिलं होतं. म्हणून आज अंगात कणकण असूनही केवळराम आला होता.

"नाव?" हजेरीशिवाय बाई सुरुवात करत नसत.

"केवळराम."

बाई जराशा लाजल्या. "हे नाव मले नाही घेता येत. भाऊ म्हणीन."

"म्हणा ना."

"या वयात इंग्रजी कायले पाहिजे, भाऊ?"

"नात शिकते ना गोंदियाले. साक्षी. फोनवर शब्द विचारते, अन् म्या हो-हो करत राहतो."

बाई खळखळून हसल्या. "आजचा शब्द सांगा."

"कम्पॅनियन."

"सोपा आहे." बाईंनी फळ्यावर लिहिलं. "कम म्हणजे सोबत. लॅटिन आहे. आणि पॅनिस म्हणजे..."

खडू थांबला. बाई फळ्याकडे पाहत राहिल्या. ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्यांनी खडू खाली ठेवला.

"नाही येत. जा तुम्ही."

केवळराम उठला नाही. आज शिकवणी अर्धी राहिली, तर ताट आजही तसंच राहणार होतं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "आतून भाताचा वास येऊन राहिला. माणसाले भूक लागते ना."

बाईंनी वास घेतला. डोळे चमकले.

"रोटी! पॅनिस म्हणजे रोटी. ज्याच्यासोबत आपण रोटी खातो, तो कम्पॅनियन."

"आपल्या इकडे तं भात खातेत."

"मग भात खाणारा! वाद नका घालू." त्यांनी चटईवर पट्टी आपटली. "झाली शिकवणी. उठा आता. आमचे ते राइस मिलमधून येतीन जेवायले. डोक्यावर हा एवढा कोंडा! म्हणून मागल्या दारानंच येतात. पुढून आले तं घरभर करून ठेवतीन."

"जेवसान ना, बाई?"

"ते आले की जेवीन. जा."

केवळरामनं चपला घातल्या आणि फाटक लावून घेतलं. कुंपणाच्या कडेनं तो घराच्या मागं गेला. राइस मिल कधीच बंद पडली होती. पेरूच्या झाडाखाली ठेवलेल्या पोत्यातून त्यानं मूठभर कोंडा काढला आणि स्वतःच्या डोक्यावर, खांद्यावर टाकला. बादली वाजवत हातपाय धुतले. मग खाकरून मागलं दार ढकललं.

"आले काय हो?" दुर्गाबाईंनी दोन ताटं मांडली. "आज एक म्हातारा शिकायले आला होता. तुमच्याच नावाचा."