सुतळीपलीकडची माती

आप्पांनी सुतळी पुन्हा एकदा ताणून बघितली. खालचं टोक पऱ्ह्याच्या ओहोळाजवळच्या हद्दीच्या दगडाला बांधलेलं. तो दगड सरकारी, काळा, डोक्यावर फुली कोरलेला. वरचं टोक जांभ्याच्या चिऱ्याला. वरचाही सरकारी दगड होता म्हणे, पण तो कधीच हरवला, म्हणून आप्पांच्या वडिलांनी तिथे चिरा ठेवलेला. चिऱ्याला लागूनच, आप्पांच्या बाजूला, त्यांचं हापूसचं कलम.

"या रेघेच्या अलीकडे तुझ्या यंत्राचा तवा आला तर बघ!"

"नाही येत, आप्पा," सहदेव म्हणाला.

हे 'नाही येत' आप्पांना मुळीच आवडलं नाही. इतकं गोड बोलणारा माणूस काहीतरी न्यायलाच आलेला असतो, हा त्यांचा जन्माचा अनुभव.

सहदेवची बाग शेजारचीच. लोटे गावच्या कंपनीत तो फिटर होता, यंदा रिटायर झाला आणि पहिलं काम काय केलं, तर भंगारातून ट्रॅक्टरमागे ओढायचा, गोल तव्यांनी माती उलटणारा जुना डिस्क हॅरो उचलून आणला. गंजलेला, तवे जाम झालेले. दिवाळीपासून तो अंगणात त्यालाच धरून बसला होता. रॉकेल ओतून तवे सोडवले, बेअरिंगं बदलली, ग्राइंडरने धार लावली, वर लाल रंग दिला. बागेतल्या अरुंद जागेतून छोट्या ट्रॅक्टरमागे जावा म्हणून तव्यांची मागची रांग काढूनच टाकली. आप्पा हे सगळं आपल्या अंगणाच्या दगडी गडग्यावरून बघत होते. कापायचं असल्याशिवाय माणूस भंगाराला धार कशाला लावील?

"कलमांच्या मधल्या जागेत कुळीथ पेरायचाय म्हणे," आप्पा तेव्हाच घरी येऊन बायकोला म्हणाले होते. "कुळथाला एवढं सोंग? शिंच्याचा डोळा आपल्या कलमावर आहे गो, कमला. आज रेघ खाईल, उद्या कलम!"

"तुम्हाला देवळातला नारळसुद्धा कुजका वाटतो," कमलाबाई म्हणाल्या.

पण आप्पांचा जीव त्या कलमात होता. वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं कलम. दरसाल गावात पहिली पेटी त्याचीच उतरायची. ते गेलं तर आप्पांना बागेत पाय टाकणं नकोसं झालं असतं.

सुतळी ताणून झाली तसा सहदेवने ट्रॅक्टर सुरू केला. सुतळी सांभाळून, अगदी हातभर लांबून तो वर निघाला. तवे फिरले, माती उलटली आणि भसाभस उजव्या अंगाला, थेट सुतळीवरून आप्पांच्या कलमाखाली जाऊन पडली.

"थांब! थांब मेल्या!"

सहदेवने ट्रॅक्टर बंद केला. "काय झालं?"

"माझ्या हद्दीत माती टाकलीस!"

"मागची रांग असती तर तिने परत ओढली असती. आता एकाच अंगाला पडते. राहू दे की आप्पा, चांगली माती आहे. तुमच्या कलमाला होईल."

आप्पांच्या मनात पाल चुकचुकली. इथे कातळावर माणसं डोक्यावरून मातीची घमेली वाहून आणतात, आणि हा फुकट देतोय?

"आज म्हणशील माती माझी, उद्या म्हणशील मातीखालची जमीन माझी. आधी तुझी माती उचल!"

"संध्याकाळी फावड्याने ओढून घेतो."

"संध्याकाळी नाही, आत्ता. माझ्या देखत. यंत्राने टाकलीस ना, मग यंत्रानेच उचल."

सहदेवने मान खाजवली. "मग तुमच्या बाजूने उलटं फिरवावं लागेल. चालेल?"

"फिरव."

"कलम आडवं येतंय."

"त्याच्या पलीकडून वळसा घे. मुळाला तवा लागला तर याद राख!"

आप्पांनी स्वतः चिऱ्याची सुतळी सोडली आणि काठीने वाट दाखवत ट्रॅक्टरच्या पुढे चालू लागले. "असा ये. असा. अजून आत घे."

कमलाबाई चहा घेऊन आल्या होत्या. "अहो, ज्याला रेघेबाहेर ठेवायचं त्याला हाताला धरून आत काय आणताय?"

"तू गप गो!"

खण्ण!

हॅरो उडाला. सहदेव खाली उतरला. एका तव्याच्या धारेला चांगली खाच पडली होती. त्याने खाली वाकून माती बाजूला केली. आत दगड होता. काळा, घडीव. सगळा मुलूख तांबड्या जांभ्याचा, तिथे काळा दगड आपला आपण उगवत नाही. सहदेवने अंगठ्याने त्याचं डोकं पुसलं, तशी फुली दिसली.

त्याने मान वर करून खाली पऱ्ह्याजवळच्या दगडाकडे बघितलं. मग परत या दगडाकडे. आप्पांचीही नजर त्याच वाटेने गेली आणि परत आली. या दोन दगडांत रेघ ओढली, तर कलम तिच्या पलीकडे होतं. अख्खंच्या अख्खं, सहदेवच्या बाजूला.

ह्याला आधीच ठाऊक होतं की काय, आप्पांना वाटलं. मागची रांग मुद्दाम काढली ह्याने? पण 'फिरव' कोण म्हणालं? 'अजून आत घे' कोण म्हणालं? कमलाबाईंनी चहाचा कप चिऱ्यावर ठेवला. नवऱ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"सहदेवा," आप्पा म्हणाले. आवाज इतका गोड, की कमलाबाई दचकल्या. आप्पांनी एक पाय दगडावर ठेवला होता आणि दुसऱ्या पायाने ते हळूहळू माती ओढत होते. "राहू दे रे ती माती इथेच. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत काय तुझी नि माझी?"

सहदेवने तव्याच्या खाचेवरून बोट फिरवलं.

"पाय काढा, आप्पा," तो म्हणाला.