उन्हातले सेल

“बॅटरी भरल्याली दावतंय आन् मरून पडतंय मेलं!” घोडेगावच्या बैलबाजाराला आलेल्या म्हाताऱ्याचा फॉर्म अर्धवट असताना रुपाली माउसवर करवादली. घरच्या पडवीत ती ऑनलाइन फॉर्म भरून देते. नवरा वाल्मिक सुरतेला कामाला गेला, त्याला तीन पोळे झाले. दर फोनला म्हणतो, पुढच्या पोळ्याला नक्की. माउस बंद पडला, की सासू भीमाबाई सेल काढून कुरडयांशेजारी उन्हात तापवते. मग स्क्रीनवर बॅटरी शंभर टक्के दिसते, आणि दीड फॉर्मात माउस गप्प. “वाल्मिक कवा येतोय?” म्हाताऱ्याने बसल्याबसल्या विचारलं. “पोळ्याला,” म्हणत रुपालीने सेल सासूच्या हातावर ठेवले. भीमाबाई दरवेळी “व्हय, व्हय” म्हणायची. आज सेल तिने उन्हाऐवजी केराच्या टोपलीत टाकले. “नवे आन, पोरी. माझ्याच पोटचा हाय, मला ठावं. वाल्मिक आता यायचा न्हाई.”